फोटोत दिसतंय ते सगळं

आमच्या घराला सकाळी जाग येते ती समोरच्या दाराआडच्या चिकटपट्टीने. आधी एक लांब चर्रर्र, मग कात्रीचा खट्ट, पुन्हा चर्रर्र. त्यावरून मला कळतं की वन्सं उठल्या, त्यांचा चहा झाला आणि काल विकली गेलेली वस्तू आज खोक्यात चालली. नवरा तोंड धुता धुता म्हणतो, "ताईचा कोंबडा आरवला." आता त्यालाही पन्नाशी गाठायला आली आहे, पण बहिणीची टिंगल केल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नाही.

त्या दिवशी कोंबडा आरवला नाही. दूध तापत होतं, मी डब्यासाठी काकडी चिरत होते आणि नवरा गालाला साबण फासून आरशासमोर उभा होता. तेवढ्यात दारावर थाप पडली. आमच्या दाराला बेल आहे. पण बेल वाजवून वाट बघायला थोडं थांबावं लागतं, आणि थांबणं वन्संना जमत नाही. हातात असेल त्याने त्या दार ठोकतात, बहुतेक वेळा चिकटपट्टीच्या रिळाने. आज मात्र उघड्या तळव्याने थापा मारत होत्या.

दार उघडलं तर वन्संच्या एका पायात चप्पल होती, दुसरा पाय अनवाणी होता आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरलेला.

"वहिनी, हे वाच. आधी दूध बंद कर, मग वाच. नाही, आधी वाच."

मी दूध बंद केलं आणि वाचलं. त्यांनी विकलेल्या वस्तूच्या खाली गिऱ्हाइकाचा निरोप आला होता. नमस्कार. लिलाव मिळाला याचा आनंद झाला. एकच सुचवायचं होतं, ओळंबा वेगळा गुंडाळून पाठवा, नाहीतर रंध्यांच्या लाकडाला खोक पडेल. खरं तर बोली त्याच्यासाठीच लावली होती.

"चांगलं लिहिलंय की," मी म्हटलं. "समंजस गिऱ्हाईक दिसतंय."

"समंजस काय! अगं, ओळंबा मी विकलाच नाही!"

मोरीतून साबणाच्या तोंडाने आवाज आला, "कुठला ओळंबा?"

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मग दाराकडे, मग जमिनीकडे. "धाकटा अजून गेला नाही होय ऑफिसला?" त्या पुटपुटल्या आणि आपल्या घराकडे वळल्यासुद्धा. त्यांच्या पायाला भिंगरी आहे असं सासूबाई म्हणायच्या. पळून जाताना ती भिंगरी दुप्पट वेगाने फिरते.

घोटाळा काय झाला होता हे समजायला वन्संची कामाची पद्धत सांगायला हवी.

वन्सं म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. लग्न केलं नाही. तयार कपड्यांच्या कारखान्यात कापड कापायचं काम करायच्या. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बायका रडल्या. वन्सं रडल्या नाहीत, पण घरात येरझाऱ्या घालून घालून त्यांनी आम्हाला वेड लावलं. त्याच सुमारास खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं घर रिकामं करायचं निघालं. त्यांच्या मुलीला सामान भंगारात द्यायचं होतं. वन्संनी त्यातला पत्र्याचा एक कंदील उचलला, घासूनपुसून लखलखीत केला आणि माझ्याकडून शिकून घेऊन इंटरनेटवरच्या एका लिलावाच्या साइटवर टाकला. त्या कंदिलासाठी अनोळखी दोन माणसं आठवडाभर भांडली. वन्सं फोन हातात धरून टाचांवर उड्या मारत होत्या, "वाढली! अगं, परत वाढली!" कंदील गेला आणि वन्संना धंदा सापडला.

तेव्हापासून त्यांची पुढची खोली म्हणजे निम्मं गोदाम आणि निम्मा फोटो स्टुडिओ. खिडकीला पांढरी चादर लावलेली. तिच्यासमोर इस्त्रीचं टेबल, त्यावर वस्तू. भिंतीला टेकवलेली खोकी छतापर्यंत पोचलेली. इमारतीतली मुलं त्यांना खोकेमावशी म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. विकणारी माणसं मी पाहिलेली आहेत, पण वस्तूतला दोष वन्संइतक्या प्रेमाने लिहिणारं कोणी पाहिलं नाही. "किटलीच्या पोटाला पोचा आहे, पण गळत नाही." "खुर्ची बसताना करकरते, बसल्यावर गप्प."

आता ओळंब्याचं. माझे सासरे गवंडी होते. भिंत सरळ उभी राहते आहे की कलते आहे हे बघायला गवंडी दोरीला बांधून जे वजन सोडतात, तो ओळंबा. सासऱ्यांचा पितळी होता. वर जाड, खाली निमुळता, एका बाजूला परांचीवरून खाली पडल्याची खाच. दोरीच्या दुसऱ्या टोकाला अंगठ्याने झिजलेला लाकडाचा तुकडा. सासऱ्यांमागे तो वन्संकडे राहिला. लोकांना वस्तूचा आकार आकड्यात सांगून कळत नाही, म्हणून वन्सं फोटो काढताना शेजारी कायम तो ओळंबा ठेवायच्या. किटलीशेजारी ओळंबा, दिव्याशेजारी ओळंबा, पाळण्याशेजारी ओळंबा. किटली घेणाऱ्याला ओळंबा हवासा वाटायचं काही कारण नव्हतं. कोणी कधी विचारलंही नाही. आणि वन्संना तर तो फोटोत दिसेनासाच झाला होता, आपल्या नाकावरचा चष्मा आपल्याला दिसत नाही तसा.

मग आली ती सुतारकामाच्या हत्यारांची पेटी. दोन रंधे, पटाश्या, काटकोन तपासायचा एक गुण्या. वन्संनी सगळं ओळीने मांडलं आणि सवयीने शेजारी ओळंबा ठेवला. हत्यारांच्या रांगेत आणखी एक हत्यार! बघणाऱ्याला काय कळणार की हा पाहुणा आहे म्हणून? बोली चढत गेली तेव्हा वन्सं मला म्हणाल्या होत्या, "रंध्याचं लाकूड बघ कसलं आहे. जाणकार लोक आहेत."

एवढ्यावरच भागलं असतं तर चुकून राहिलं म्हणून सांगता आलं असतं. पण प्रत्येक जाहिरातीखाली वन्सं एक ओळ लिहितात: फोटोत दिसतंय ते सगळं मिळेल. ही ओळ आली तीही एका चुकीतूनच. मागे एका दिव्यावर त्यांनी शोभेसाठी दुसऱ्याच दिव्याची काच बसवून फोटो काढला. घेणाऱ्याने काच मागितली, ती निघाली भलत्याच मापाची आणि विक्री रद्द करावी लागली. त्यावर वन्संनी कानाला खडा लावला. ओळ लिहिली आणि ती मनापासून पाळली.

म्हणजे ओळंबा विकला होता. त्यांनी स्वतःच विकला होता, स्वतःच्या शब्दांत.

नवऱ्याला ही हकीकत त्याच सकाळी कळली. अर्धी दाढी झालेली, अर्धी बाकी, तशाच अवतारात तो समोरच्या घरात गेला. पाठोपाठ मी. वन्सं खोकी एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीकडे हलवत होत्या. कारण काही नव्हतं.

"रद्द कर," नवरा म्हणाला.

"तुझी निम्मी दाढी राहिलीय."

"ताई, विषय बदलू नकोस. रद्द कर. बाबांचा ओळंबा आहे तो."

"मी रद्द केला तर चूक माझी धरतात. आधीच दोन झाल्यात वर्षात. तिसरी झाली की अकाउंट बंद."

"मग माझ्या नावाने नवीन उघडू."

"तुझ्या नावावर एकसुद्धा तारा नाही, धाकट्या. तुझ्याकडून कोणी चमचा घेणार नाही."

तारे म्हणजे गिऱ्हाइकांनी दिलेली शाबासकी. वन्संनी ते एकेक करून जमवले होते. अकाउंट बंद झालं की तारे गेले, गिऱ्हाईक गेलं आणि पुन्हा त्या येरझाऱ्या. खरं तर येरझाऱ्यांची मला जास्त धास्ती वाटत होती. कारखाना बंद पडल्यावरचे ते महिने मी पाहिले होते. पोटापुरतं काहीतरी जुळवता येतं, पण रिकाम्या हातांच्या वन्संना सांभाळणं कुणाच्या बापाला जमणार नाही.

"मग सांग हरवला म्हणून," नवऱ्याने दुसरी वाट काढली.

"हा काय समोर आहे!"

"पडला सांग. टोक मोडलं."

"पितळ पडून मोडतं? गवंड्याचा मुलगा ना रे तू?"

"बरं, बाजारातून दुसरा आणू. तोच पाठवू."

"आणि ती खाच? कानशीने कोरणार आहेस का? फोटोत खाच ढळढळीत दिसतेय." वन्सं हातातलं खोकं खाली ठेवून म्हणाल्या, "आणि खोटं बोलायचं मला सांगू नकोस. घड्याळाचं आठवतंय ना?"

आठवत होतं. आम्ही दोघंही हसलो, मग वन्संचा चेहरा बघून गप्प झालो. ही त्यांची दुसरी रद्द विक्री. एका भिंतीवरच्या घड्याळाला अगदीच किरकोळ बोली आली, तेव्हा वन्संच्या जिवावर आलं. त्यांनी गिऱ्हाइकाला कळवलं की बांधताना घड्याळ फुटलं, माफ करा. पुढच्या आठवड्यात तेच घड्याळ पुन्हा लिलावाला टाकलं. त्याच गिऱ्हाइकाने सगळ्यांना दिसेल असं खाली विचारलं, "घड्याळाची तब्येत सुधारली वाटतं?" वन्संनी ते घड्याळ शेवटी आम्हाला देऊन टाकलं. आमच्या स्वयंपाकघरात ते आहे. त्याच्याकडे त्या कधी बघत नाहीत, वेळ मलाच विचारतात.

नवरा उरलेली दाढी करायला गेला. जाताना दारातून म्हणाला, "तुझं तू बघ, पण तो घराबाहेर जाता कामा नये." घरातला धाकटा असला म्हणून काय झालं, शेवटचा शब्द आपला असावा असं त्याला वाटतंच.

साइटवर एक वाट होती. घेणाऱ्यानेच विक्री सोडायला मान्यता दिली तर कुणाच्या नावावर चूक लागत नाही. तेवढं एक बटण त्याने दाबायला हवं. "तू लिही," वन्सं मला म्हणाल्या. "तू शिकलेली आहेस. मी लिहिलं तर भांडल्यासारखं होतं."

मी त्यांच्या टेबलाशी बसले. त्या बसल्या नाहीत. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. मी पहिला निरोप लिहिला तो इतका गोड झाला की वन्सं म्हणाल्या, "लग्नाचं बोलणं करतेस का त्याच्याशी?" दुसरा लिहिला त्यात नियम होते. "हा तर वकिलाचा!" तिसऱ्यात मी सासऱ्यांबद्दल लिहिलं, त्यांचे कष्ट, त्यांची आठवण. वन्संनी तो वाचला आणि मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला.

"बाबांना मध्ये आणून त्याला रडवायचं नाही. तो वस्तू घ्यायला आलाय."

मग त्यांनी स्वतःच लिहिलं, उभ्यानेच, ओठ हलवत. ओळंबा विकायचा नव्हता. आकार कळावा म्हणून ठेवला होता. माझ्या वडिलांचा आहे. चूक माझी आहे. तुमची हरकत नसेल तर विक्री सोडा, नाहीतर हत्यारं कमी किमतीत घ्या. तुम्ही सांगाल तसं.

आणि पाठवून दिला. पाठवल्या क्षणापासून त्यांची जी घालमेल सुरू झाली ती विचारू नका. त्यांनी चादर काढून धुतली. पटाश्यांना तेल लावलं, पुसलं, पुन्हा लावलं. माझ्याकडे येऊन चहा मागितला आणि तो ओट्यावर तसाच ठेवून गेल्या. मोबाइलवर टिंग झालं की धावायच्या, तर ती दुसऱ्याच कुणाची तरी चौकशी असायची, किटलीच्या झाकणाची. "झाकणाला काय झालंय!" त्या मोबाइलवर खेकसायच्या. त्यांना पाहून माझाही हात कशात लागेना. मीठ घातलं का नाही ते आठवेना म्हणून सूप दोनदा चाखलं, तरी आठवेना.

दुपारी मी तो चहा गरम करून द्यायला गेले तेव्हा दार उघडंच होतं. वन्सं खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. एक हात समोर ताठ, मुठीत तो लाकडाचा तुकडा, आणि खाली दोरीला ओळंबा. आधी तो गोल फिरत होता, मग लहान होत होत डावी-उजवीकडे, मग थरथरत. वन्संची नजर त्याच्या टोकावर. तो थांबला. त्याही थांबल्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांचे दोन्ही पाय एका जागी पाहिले असतील तर ते असेच, ओळंबा हातात असताना.

मी आत आले हे त्यांना कळलं होतं. हात तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "शाळेतून रोज तक्रार यायची, मुलगी जागेवर बसत नाही. आई फटके द्यायची. बाबा सुट्टीच्या दिवशी कामावर घेऊन गेले आणि ही दोरी हातात दिली. म्हणाले, हा थांबला की मला हाक मार. माझा हात हलला की हा हलायचा. मला राग यायचा, रडू यायचं. मग एकदा थांबला. मी हाक मारली तर बाबा वरून म्हणाले, आता भिंत बांधता येईल." त्यांनी दोरी हळूच लाकडावर गुंडाळायला घेतली. दोरी जुनी, पिवळट पडलेली. सासरे ती मेणबत्तीवरून ओढून गुळगुळीत करायचे, ते मेण अजून बोटाला लागतं. "धाकट्याला नाही आठवणार हे. तो तेव्हा पाळण्यात होता."

उत्तर आलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, नवरा डबा पिशवीत घालत असताना. वन्सं आमच्याकडे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी स्वतः वाचलं नव्हतं.

"तू वाच. मोठ्याने वाच."

मी वाचलं. ताई, तुमचा निरोप पोचला. मी गवंडीकाम करते. माझा ओळंबा कामावरून चोरीला गेला. दुकानात मिळतात ते हलके असतात, वाऱ्यात थांबतच नाहीत. तुमचा बघताक्षणी जड वाटला. तुम्ही म्हणालात म्हणून मी ते रद्द करायचं बटण उघडून पाहिलं. तिथे 'मला ही वस्तू नको आहे' यावर खूण करावी लागते. मला ती हवी आहे, त्यामुळे तशी खूण मी करू शकत नाही. पण तुम्ही तुमच्या बाजूने रद्द केलंत तर मी भांडणार नाही. तारेही वाईट देणार नाही. वडिलांची वस्तू आहे, मला समजतं.

आम्ही कालपासून ज्याला 'तो' म्हणत होतो, कुठलातरी हौशी, पैसेवाला, काचेच्या कपाटात जुन्या वस्तू मांडून ठेवणारा, तो ही निघाली. हातावर सिमेंट वाळलेली एक बाई.

"बरोबर आहे तिचं," वन्सं म्हणाल्या.

"काय बरोबर आहे?" नवऱ्याने डबा खाली ठेवला. "एक खूण तर करायची होती! तिचं काय जात होतं?"

"खोटी खूण."

"तुम्ही दोघी भेटलात बरी एकमेकींना! ताई, तिनेच लिहिलंय, रद्द केलंत तरी चालेल."

"तिला चालेल. अकाउंटला चालणार नाही."

"म्हणजे तारे मोठे आणि बाबा लहान?"

हे त्याने बोलायला नको होतं. वन्सं त्यांच्या घरात गेल्या आणि ओळंबा घेऊन परत आल्या. तो त्यांनी भावाच्या हातात दिला.

"धर. दोरी सोड. थांबव त्याला."

नवऱ्याने धरला. लहान मुलासारखा, ओठ दाबून. ओळंबा गोल फिरला, मग बाजूला गेला, मग पुन्हा फिरला. नवऱ्याने श्वास रोखला. खाली कुणीतरी स्कूटर सुरू केली, ती लांब गेली, तरी ओळंबा फिरतच होता.

"थांबतच नाही गं हा."

"तुझा हात हलतोय."

नवऱ्याने थोडा वेळ आणखी प्रयत्न केला. मग तो तुकडा बहिणीच्या हातात परत दिला, डबा उचलला आणि बूट घालताना खाली मान घालूनच म्हणाला, "माझ्याकडे असता तर माळ्यावर पडला असता. चल, उशीर झाला मला." जिन्यावरून त्याची पावलं नेहमीपेक्षा हळू गेली.

वन्सं काय करणार ते त्यांनी मला सांगितलं नाही. मी भांडी घासली, कपडे वाळत घातले आणि कान समोर लावून ठेवले. साइटच्या नियमाप्रमाणे वस्तू आज संध्याकाळपर्यंत निघायला हवी होती. दुपार कलली. मग आवाज आला. चर्रर्र. खट्ट. मला बरं वाटलं आणि वाईटही, दोन्ही एकदमच.

"चल माझ्याबरोबर," त्या दारात खोकं कवटाळून उभ्या होत्या. "एकटी गेले तर वाटेतून परत येईन."

कुरियरचं ऑफिस आमच्या रस्त्याच्या टोकाला, चाव्या बनवणाऱ्याच्या शेजारी. अरुंद खोली, एक काउंटर, वजनाचा काटा, आणि भिंतीला टेकून उभी राहिलेली माणसं. काउंटरवरची मुलगी वन्संना ओळखते. त्यांची पार्सलं ती न विचारता वरच्या फळीवर ठेवते, कारण एकदा तिने किटलीवर पुस्तकांचं खोकं ठेवलं होतं आणि त्यावरून वन्संनी तिची जी हजेरी घेतली ती सगळ्या रस्त्याने ऐकली होती.

"मावशी, आज काय फुटणारं?" तिने विचारलं.

"आज न फुटणारं. हत्यारं आहेत."

खोकं काट्यावर गेलं. मुलगी पत्ता टाइप करायला लागली. वन्सं एका पायावरून दुसऱ्या पायावर. मागच्या माणसाच्या हातात कुंडीएवढं पार्सल होतं, तो ते या काखेतून त्या काखेत करत होता. मुलगी शिक्का मारणार एवढ्यात वन्संनी खोकं काट्यावरून ओढून घेतलं.

"थांब जरा."

"मावशी, लाइन आहे!"

"तू पुढच्याचं घे तोपर्यंत." आणि त्या बाजूच्या बाकड्यावर टेकल्या. चक्क बूड टेकवलं. घराच्या किल्लीने त्यांनी चिकटपट्टी कापली. आत सगळं जागच्या जागी होतं. रंधे कागदात, पटाश्यांच्या पात्यांना पुठ्ठ्याची टोपणं, आणि कोपऱ्यात जुन्या टॉवेलात गुंडाळलेला ओळंबा. त्यांनी टॉवेल उलगडला आणि दोरीवरून बोट फिरवलं. मग मोबाइल काढून जाहिरातीतला तोच फोटो उघडला आणि दोन बोटांनी मोठा केला. आणखी मोठा.

"वहिनी, बघ. दोरी दिसतेय का?"

मी बघितलं. ओळंब्याच्या मागे, पांढऱ्या चादरीवर, पिवळट दोरीचं वेटोळं अगदी स्वच्छ दिसत होतं. न दिसावं असं मला फार वाटत होतं.

"दिसतेय," मी म्हटलं.

"हं." त्या उठल्या. बाकड्यापासून दारापर्यंत गेल्या, परत आल्या. चावीवाल्याच्या यंत्राचा किर्र आवाज येत होता. मागचा माणूस म्हणाला, "बाई, देणार आहात की नाही ते?" वन्सं त्याला म्हणाल्या, "देणारच आहे. विचारतेय तेवढं." त्याला काही कळलं नाही.

काउंटरवरच्या मुलीकडून त्यांनी पार्सलं बांधायची नवी पांढरी दोरी मागून घेतली, चांगली हातभर लांब, ओढून बघितली आणि म्हणाल्या, "ही मजबूत आहे, पण लांबी कमी. अजून सोड." मुलीने रिळातून भराभर सोडली. ती दोरी वन्संनी ओळंब्याच्या शेजारी, टॉवेलात ठेवली. जुनी मात्र सोडली नाही, ती अजून ओळंब्यालाच होती.

मग मोबाइल माझ्या हातात दिला.

"तू लिही. मी सांगते तसंच लिही, तुझं काही घालू नकोस."

मी लिहिलं.

नमस्कार. खोकं आज निघतंय. ओळंबा वेगळा गुंडाळला आहे. तो जड आहे, वाऱ्यात थांबतो, फक्त आपला हात थांबायला हवा. फोटोत त्याला दोरी बांधलेली दिसते आहे आणि दिसतंय ते सगळं मिळेल असं मी लिहिलं होतं, म्हणून दोरीही तुमचीच आहे. सोबत नवी दोरी ठेवली आहे. जुनी मला ठेवू द्याल का?